तीन सर्व्हर, तीन आजार: नेटवर्क बूट नेमकं कुठे अडतं?

प्रश्न थोडक्यात असा. लातूरच्या एका कॉलेजच्या संगणक केंद्रात पाच जुने रॅक सर्व्हर आहेत. एकाच इन्स्टॉल सर्व्हरवरून नेटवर्कने बूट करून त्यांच्यावर लिनक्स चढवायचं, हे तिथे वर्षानुवर्षं सुरळीत चाललंय. आता तीन नवे सर्व्हर आले. रॅक तोच, स्विच तोच. पहिला म्हणतो, ‘पीएक्सई-ई१६, नो ऑफर रिसीव्ड’ (पीएक्सई म्हणजे नेटवर्कने बूट करायची ठरलेली पद्धत). दुसऱ्याला आयपी मिळतो, फाइल उतरली असंही तो सांगतो आणि पुढच्याच क्षणी बूट मेनूवर परत येतो. तिसरा थेट इन्स्टॉलरपर्यंत जातो आणि तिथे नेटवर्क नाही म्हणून बसून राहतो. विचारणाऱ्याने शेवटी लिहिलंय, ‘सर, दोन दिवस झाले, एक पण चालू होईना गेलंय. व्हेंडर म्हणतो, मदरबोर्ड बदलून देतो. बदलू का?’

नका बदलू. चोर सोडून संन्याशाला फाशी होईल. तीन नव्या मशीनचे बोर्ड एकाच वेळी, तेही तीन निरनिराळ्या तऱ्हेने बिघडले, हे माझ्या पचनी पडत नाही. तुम्ही याला एकच दुखणं समजून औषध शोधताय, म्हणून दोन दिवस गेले. हे तीन वेगळे आजार आहेत.

नेटवर्क बूटमध्ये एकच माणूस सगळं काम करत नाही. आधी नेटवर्क कार्डाचं फर्मवेअर (यंत्रातच बसवलेला छोटा प्रोग्राम) ओरडतं, ‘मला पत्ता द्या’. डीएचसीपी पत्ता देतो आणि सोबत कुठल्या मशीनवरून कुठली फाइल घ्यायची तेही सांगतो. मग टीएफटीपी ती फाइल देतो. ती छोटी फाइल, म्हणजे बूटलोडर, चालू होऊन कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटआरडी (त्याची सुरुवातीची शिदोरी) ओढते. कर्नल उठला की फर्मवेअरचं काम संपलं. कार्ड आता लिनक्सच्या स्वतःच्या ड्रायव्हरच्या ताब्यात जातं आणि पत्ता पुन्हा पहिल्यापासून मागितला जातो. इंटेलने १९९९ मध्ये पीएक्सईची २.१ आवृत्ती काढली, त्यातला हा क्रम आजही जवळपास तसाच आहे. म्हणून मी कुठल्याही अडलेल्या मशीनसमोर एकच प्रश्न विचारतो: शेवटचं कोण बोललं, आणि कोणी उत्तर द्यायला हवं होतं?

हे सर्व्हरच्या स्क्रीनवर अर्धंच कळतं, आणि तेही तीन सेकंद टिकून पुसलं जातं. मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि एकेक फ्रेम सरकवून वाचा. उरलेलं अर्धं इन्स्टॉल सर्व्हरवर टीसीपीडंप (नेटवर्कवरची पाकिटं दाखवणारा प्रोग्राम) लावून कळतं. फिल्टरमध्ये पोर्ट क्रमांक ६७, ६८, ६९ आणि ४०११ ठेवा आणि ‘किंवा’ लावून अडलेल्या मशीनचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) जोडा. टीएफटीपीची फाइल पुढे दुसऱ्या पोर्टवरून जाते, ते त्यामुळे सुटत नाही. डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अॅक हे चार शब्द त्या क्रमाने दिसले की डीएचसीपीची बाजू साफ. पुढे टीएफटीपीचा रीड रिक्वेस्ट दिसतो आणि त्यात फाइलचं नाव उघडं लिहिलेलं असतं. या पाच ओळींपैकी कुठली शेवटची, ते बघायचं.

आता पहिला सर्व्हर, ई१६ वाला. जुन्या बायोस मोडमध्ये (बायोस म्हणजे मशीन सुरू करणारं जुन्या पद्धतीचं फर्मवेअर) हाच आजार ई५१ या नावाने भेटतो. ऑफर मिळाली नाही, म्हणजे एक तर डिस्कव्हर सर्व्हरपर्यंत पोचला नाही, किंवा ऑफर परत आली नाही. तुम्ही लिहिलंय की तीच केबल लॅपटॉपला लावली की लगेच आयपी मिळतो, म्हणून केबल आणि स्विच ठीक. नेमकी इथेच बहुतेकांची फसगत होते. मीही पहिली काही वर्षं फसलो.

लॅपटॉप घाईत नसतो. पत्ता मिळाला नाही तर तो मागत राहतो आणि तुम्ही खुर्ची ओढून बसेपर्यंत त्याला मिळून जातो. सर्व्हरचं फर्मवेअर मोजूनमापून हाका मारतं. पीएक्सईच्या मानकात चार हाका आहेत: ४, ८, १६ आणि ३२ सेकंद वाट पाहून, मिळून एक मिनिट. प्रत्यक्षात काही कार्डं त्याच्या आधीच गाशा गुंडाळतात. इकडे स्विचवर जुना स्पॅनिंग ट्री (केबलींचं वर्तुळ झालं तर ते तोडणारी यंत्रणा) चालू असेल, तर लिंक वर आल्यावर तो पोर्ट १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मगच माल पुढे सोडतो. त्या ३० सेकंदांत सर्व्हरने मारलेल्या हाका स्विच गिळून टाकतो. त्यातून सर्व्हर बूट होताना लिंक दोन-तीनदा पडते-उठते, आणि दर वेळी ते ३० सेकंद पहिल्यापासून मोजले जातात.

स्विचचा पासवर्ड दुसऱ्याकडे आहे आणि तो रजेवर आहे, हे आपल्याकडे नेहमीचं. अशा वेळी माझ्या बॅगेत पाच पोर्टचा साधा, बिनडोक स्विच असतो. सर्व्हर आणि मोठ्या स्विचच्या मध्ये तो लावायचा, मिनिटभर थांबायचं आणि मग सर्व्हर चालू करायचा. सर्व्हरची लिंक पडली-उठली तरी मोठ्या स्विचला त्याचा पत्ता लागत नाही, कारण त्याच्याकडचा पोर्ट सतत जिवंत राहतो. या डबीतून बूट झालं आणि थेट जोडल्यावर नाही झालं, तर गुन्हेगार स्पॅनिंग ट्री समजा. त्या पोर्टला एज किंवा पोर्टफास्ट करा, म्हणजे तो ते ३० सेकंद थांबणार नाही, काम झालं. स्पॅनिंग ट्री अख्ख्या स्विचवर बंद करू नका. एखाद्या दिवशी कोणीतरी एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचला लावेल आणि सगळं कॉलेज बसेल.

डबी लावूनही ऑफर आली नाही, तर स्विचमध्ये शिरून त्या पोर्टची पत्रिका बघावीच लागेल. मला दोन गोष्टींचा संशय आहे. एक, तो पोर्ट आधी एखाद्या जुन्या सर्व्हरचा होता आणि त्यावर दोन पोर्ट जोडून एलएसीपी (दोन केबली एकच मानायचा करार) केलेलं आहे. स्विच समोरून एलएसीपीच्या निरोपाची वाट बघतो, फर्मवेअरला ती भाषाच येत नाही, आणि स्विच पोर्ट निलंबित ठेवतो. बऱ्याच स्विचमध्ये यावर फॉलबॅकची सोय असते. एलएसीपीचा निरोप आला नाही तर पोर्टला एकटं चालू द्यायचं, एवढाच त्याचा अर्थ. दोन, व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचमध्ये वेगळी पाडलेली नेटवर्कं. पोर्ट ट्रंक (अनेक व्हीलॅन एकत्र नेणारा) असेल आणि बूटचं व्हीलॅन टॅग लावून येत असेल, तर फर्मवेअरला ते दिसत नाही. ते व्हीलॅन त्या पोर्टवर बिनटॅगचं करा. यूईएफआयमध्ये (बायोसच्या जागी आलेल्या नव्या फर्मवेअरमध्ये) व्हीलॅनचा आकडा भरण्याची सोय असते खरी, पण बोर्ड बदलला किंवा सेटिंग पुसलं की तो आकडा जातो, आणि कशामुळे गेलं ते सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही.

आणि हसू नका, पण आधी मॅक पत्ता जुळवा. नव्या सर्व्हरच्या पाठीला चार पोर्ट आणि शिवाय एक मॅनेजमेंटचा पोर्ट असतो. स्क्रीनवर बूट करू पाहणारा मॅक आणि केबल लावलेल्या पोर्टचा मॅक एकच आहे का, हे मी आजही बोट ठेवून वाचतो. आयडीरॅक किंवा आयएलओच्या, म्हणजे त्या मॅनेजमेंटच्या, पोर्टला केबल लावून दुपारभर डीएचसीपीला शिव्या देणारे मी पाहिलेत. त्यात एकदा मी स्वतःही होतो.

ऑफर येते पण भलत्याचीच येते, हा प्रकार तुमच्याकडे आज नाही. तरी कॉलेज म्हटल्यावर उद्या होणारच, म्हणून सांगतो. वाळूजच्या एका कारखान्यात मे महिन्यात रात्री दहाला बारा सर्व्हर चढवत होतो. सात झाले, पाच अडले. संदेश ई५३: बूट फाइलचं नावच मिळालं नाही. पुन्हा चालू केले तर त्या पाचांतले दोन चालले आणि आधी चाललेल्यांतला एक अडला. असं मटक्यासारखं वागणं दिसलं की बोर्ड, केबल सगळं सोडा आणि ऑफर कोणाकडून येते ते बघा. टीसीपीडंपमध्ये एकाच डिस्कव्हरला दोन ऑफर दिसत होत्या. एक आमची, दुसरी १९२.१६८.०.१ वरून. अकाउंट्स विभागात कोणीतरी मोबाइलला रेंज यावी म्हणून घरचा वायफाय राउटर आणून लॅन पोर्टातून भिंतीला जोडला होता. तो इमानेइतबारे सगळ्यांना पत्ते वाटत होता. फाइलचं नाव देणं त्याच्या गावीही नव्हतं. जो आधी बोलेल त्याचं सर्व्हर ऐकायचा. यावर स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंग हा कायमचा इलाज आहे: ठरवलेल्या पोर्टावरूनच ऑफर यायला परवानगी. आम्ही मात्र त्या रात्री भिंतीभिंतीने राउटर शोधत फिरलो आणि तो कुंडीमागे सापडला.

दुसऱ्या सर्व्हरचं निदान तुमच्या फोटोतच आहे. फाइलच्या नावापुढे ‘पीएक्सईलिनक्स.०’ असं लिहिलंय आणि आकार २६ हजार बाइटांच्या आसपास. ही बायोसची फाइल आहे. तुमचे जुने पाच बायोस मोडमध्ये चालतात, त्यांना ती बरोबर. हा नवा यूईएफआयमध्ये आहे. (तिसरा इन्स्टॉलरपर्यंत पोचला, म्हणजे तो अजून बायोस मोडमध्येच असणार.) यूईएफआयने ती उतरवली, ‘डाउनलोड यशस्वी’ म्हणून सांगितलं, उघडून बघितलं तर आपल्या भाषेतलं काहीच नाही, म्हणून मुकाट्याने ठेवून दिली. त्याला हवी ती ग्रबची (लिनक्सचा बूटलोडर) किंवा शिमची (ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम) .ईएफआय फाइल, जी साधारण दहा लाख बाइटांच्या घरात असते. आकारावरूनच घोळ ओळखता येतो. आकार शून्य दिसला तर मात्र फाइल मिळालीच नाही असं समजा, तो वेगळा रस्ता.

यावर कोणीतरी तुम्हाला सांगेल की बूट मोड लेगसी, म्हणजे जुना बायोस, करा, लगेच चालेल. चालेलही. पण मग एमबीआरच्या (डिस्कचे भाग मांडायची जुनी पद्धत) २ टीबीच्या मर्यादेत अडकाल, आणि बऱ्याच नव्या मशीनमध्ये लेगसीचा पर्यायच उरलेला नाही. त्यापेक्षा डीएचसीपीला माणूस ओळखायला शिकवा. प्रत्येक मशीन मागणी करताना ऑप्शन ९३ मध्ये आपली जात सांगतं: ० म्हणजे बायोस, ७ म्हणजे ६४ बिट यूईएफआय. कागदोपत्री ९ हा आकडाही आहे आणि कोणी तो पाठवतं, म्हणून ७ आणि ९ दोघांनाही .ईएफआय फाइल द्या. ० ला जुनीच. जुन्या पाचांना धक्काही लागणार नाही. तुमच्याकडे ऑप्शन ६७ मध्ये सरसकट एकच नाव कोंबलेलं असणार, ते काढा.

योग्य फाइल दिल्यावर कदाचित सिक्युअर बूट (योग्य सही नसलेला बूटलोडर नाकारणारी सोय) आडवा येईल. स्क्रीनवर सही जुळत नसल्याचा लाल डबा दिसेल, किंवा काहीच न बोलता परत मेनू. वितरणाबरोबर, म्हणजे तुम्ही चढवताय त्या लिनक्सबरोबर, आलेली सही केलेली शिम आधी द्या, ती ग्रबला बोलावते. दोन्ही एकाच वितरणाच्या, एकाच आवृत्तीच्या ठेवा. इंटरनेटवरून कुठून तरी आणलेली ग्रब शिमच्या शेजारी ठेवली की ती नाकारणारच.

टीएफटीपीत अडलेल्यांसाठी दोन शब्द जास्त खर्च करतो, कारण इथे फाइल डोळ्यांना दिसते तरी मिळत नाही. पहिली खोच फायरवॉलची. डीएचसीपीचा सर्व्हर बहुधा थेट कच्ची पाकिटं वाचतो, त्यामुळे फायरवॉल बंद असो की चालू, पत्ता मिळतो आणि आपण समजतो की फायरवॉल ठीक आहे. टीएफटीपीला ती सवलत नाही. शिवाय तो मागणी ६९ वर घेतो आणि फाइल भलत्याच पोर्टवरून पाठवतो. म्हणून मधल्या फायरवॉलमध्ये फक्त ६९ उघडून भागत नाही, तिथे टीएफटीपीचा कनेक्शन हेल्पर लागतो. आणि टीसीपीडंपमध्ये मागणी दिसली म्हणजे ती टीएफटीपी सेवेपर्यंत पोचली असं धरू नका. टीसीपीडंप दारात उभा असतो, फायरवॉल त्याच्या आत.

दुसरी खोच एसईलिनक्सची, म्हणजे प्रत्येक फाइलवर चिठ्ठी लावून कोणाला ती द्यायची ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्याची. फाइल आधी रूटच्या होम फोल्डरात उतरवली आणि तिथून एमव्हीने टीएफटीपीच्या फोल्डरात हलवली, तर ती जुनी चिठ्ठी सोबत घेऊन येते. परवानग्या बरोबर, नाव बरोबर, तरी सेवा म्हणते फाइल नाही. रिस्टोरकॉन चालवा, ते चिठ्ठी बदलतं. खात्री करायची सोपी रीत म्हणजे त्याच स्विचवरच्या दुसऱ्या मशीनवरून टीएफटीपीने तीच फाइल स्वतः ओढून बघायची. तुम्हाला मिळाली नाही तर सर्व्हरला कुठून मिळणार? आडातच नाही.

पुण्याच्या मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवरून संभाजीनगरात बूट करायचा हट्टही मी पाहिलाय. टीएफटीपी हा १९९२ च्या मानकाचा भोळा गडी आहे. ५१२ बाइट देतो, पोच मिळेपर्यंत थांबतो, मग पुढचे ५१२. जाऊन-येऊन २० मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदाला ५० फेऱ्या, म्हणजे २५ केबी. ८० एमबीची इनिटआरडी उतरायला पाऊण तासाच्या वर. त्यात तुकड्यांचा क्रमांक १६ बिटांचा, म्हणून ५१२ च्या हिशेबाने ३२ एमबीनंतर आकडा संपतो. तो पुन्हा शून्यावरून धरायचा हे दोन्ही बाजूंना कळलं नाही, तर फाइल दर वेळी त्याच जागी तुटते. ब्लॉकचा आकार १,४०० च्या वर नेता येतो, पण खरं उत्तर वेगळं आहे: टीएफटीपीने फक्त छोटा बूटलोडर द्यायचा आणि मोठ्या फाइली एचटीटीपीवरून. आयपीएक्सई (पीएक्सईचा सुधारित बूटलोडर) ते करतं. यूईएफआयमध्ये २०१५ च्या २.५ आवृत्तीपासून एचटीटीपी बूट थेट आहे. आयपीएक्सई लावलंत तर एक काळजी घ्या. तोही उठल्यावर पुन्हा डीएचसीपीला विचारतो. तुम्ही त्याला ओळखून वेगळं उत्तर दिलं नाही, तर तो पुन्हा स्वतःलाच उतरवतो, आणि हे देवळाभोवतीच्या प्रदक्षिणेसारखं सकाळपर्यंत चालतं.

तिसऱ्या सर्व्हरकडे वळतो. तो सगळ्यात पुढे गेलाय म्हणून तुम्हाला तो सगळ्यात गूढ वाटतोय. ‘कार्ड खराब असतं तर इथपर्यंत आलंच नसतं, आणि चांगलं असतं तर इथे अडलं नसतं,’ हे तुमचं वाक्य. पण इथपर्यंत कार्ड फर्मवेअरच्या ड्रायव्हरवर चाललं होतं. आता लिनक्सचा ड्रायव्हर हवा. तुम्ही चढवताय सेंटओएस ७, त्याचा कर्नल ३.१० च्या पिढीचा. त्याच्यानंतर जन्मलेलं कार्ड त्याला कुठून ओळखू येणार? इन्स्टॉलरच्या दुसऱ्या कन्सोलवर जा आणि आयपी लिंक बघा. फक्त ‘एलओ’ दिसला तर ड्रायव्हर नाही, पुढे शोधायची गरज नाही. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपलाय, तेव्हा ड्रायव्हर डिस्कचे उपद्व्याप करण्यापेक्षा नवं वितरण घ्या. फक्त ते जुन्या पाचांवर डोळे झाकून चढवू नका. नव्या आवृत्त्यांमधून काही जुन्या रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या) कार्डांचा आधार काढलेला आहे. तिथे नेटवर्क मिळेल आणि डिस्कच दिसणार नाही.

चारही पोर्ट दिसले पण पत्ता नाही, तर इन्स्टॉलर भलत्या पोर्टवर पत्ता मागतोय. बूटलोडरने ज्या पोर्टवरून बूट झालं त्याचा मॅक कर्नलला कळवायचा असतो. पीएक्सईलिनक्समध्ये आयपीअपेंड २ ही ओळ ते करते, ग्रबमध्ये बूटआयएफ हाताने लिहावं लागतं. बायोसच्या फाइलवरून ग्रबवर जाताना ही ओळ हमखास मागे राहते.

जुन्या पाचांबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी उन्हाळा आलाय म्हणून सांगतो. आपल्याकडे सुट्टीत सर्व्हर रूमची वीज महिनाभर बंद ठेवतात. जून उजाडला की सगळे चालू करायचे आणि त्यातला एखादा नेटवर्क बूट विसरलेला. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी मेलेली असते, सेटिंग कारखान्याच्या मूळपदी गेलेली असतात आणि घड्याळ कित्येक वर्षं मागे. एचटीटीपीएसवरून फाइल घेत असाल तर मग प्रमाणपत्रच भविष्यातलं ठरतं आणि नाकारलं जातं. चुकलेली तारीख दिसली की बाकी तपास थांबवून आधी बॅटरी बदला.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी दुसरा सर्व्हर, कारण तो डीएचसीपीच्या चार ओळींत सुटतो आणि तिन्ही नव्यांना तेच लागणार आहे. मग तिसऱ्यासाठी नवं वितरण. पहिला शेवटी, पाच पोर्टची डबी मिळवून. पोर्ट एज केल्यावरही ई१६ आलं, तर मला स्क्रीनचा फोटो नको, टीसीपीडंपची फाइल आणि स्विचच्या त्या पोर्टचं कॉन्फिगरेशन पाठवा. लातूरला यायला मला पाच-सहा तास लागतील, फाइलला दोन मिनिटं. व्हेंडरला बोर्ड नको म्हणा. काही द्यायचंच असेल तर जुन्या पाचांसाठी सीआर२०३२ च्या पाच बॅटऱ्या मागून घ्या.